पाणी चढायला लागणारा वेळ

पाण्याच्या खात्यात मी लागले तेव्हा घाटकोपरच्या त्या कार्यालयात माझ्यासाठी दोन गोष्टी नव्हत्या. एक खुर्ची आणि दुसरं बायकांचं स्वच्छतागृह. खुर्ची आठवड्याभरात आली. दुसऱ्या गोष्टीसाठी मी पुढची कितीतरी वर्षं रस्ता ओलांडून समोरच्या प्रसूतिगृहात जात होते, आणि तिथल्या आयाबाई दर वेळी माझ्या पोटाकडे बघून कितवा महिना असेल याचा अंदाज बांधायच्या. लग्न झालेलं नाही हे सांगितल्यावर तर त्या अधिकच आपुलकीने बघायला लागल्या. शेवटी मी पाणीच कमी प्यायला लागले. अर्ध्या उपनगराच्या पाण्याच्या वेळा ठरवणारी बाई स्वतः दुपारपर्यंत घोटभर पाण्यावर काढायची. तेव्हा याचं मला हसू येत नसे.

हुद्द्याने मी ज्युनिअर इंजिनिअर होते. पण बाईमाणसाला रस्त्यावरच्या चेंबरमध्ये उतरवायचं कसं, हा प्रश्न साहेबांना पडला आणि त्यांनी तो मला टेबल देऊन सोडवला. टेबलावर एक तक्ता आला. कोणत्या भागाला किती वाजता पाणी सोडायचं, किती वाजता बंद करायचं आणि त्यासाठी कुठला व्हॉल्व्ह फिरवायचा, असा तो तक्ता होता. नळ सोडला की पाणी येतं असं लोकांना वाटतं. खरं म्हणजे त्याआधी कोणीतरी रस्त्यातलं लोखंडी झाकण उचलून, माणसाच्या छातीएवढ्या उंच चावीने खालचा व्हॉल्व्ह उघडलेला असतो आणि शेजारच्या भागाचा बंद केलेला असतो. एकाच वेळी सगळ्यांना देण्याएवढं पाणी टाकीत कधीच नसतं. कोणाला कधी, एवढंच ठरवायचं असतं. ते मी ठरवत होते.

राहायला मी वाकोल्याला होते, एका खोलीत, एकटी. ती खोली वडिलांची. गिरणीचा संप लांबत लांबत गेला, मग तो संपला की नाही हेच कोणाला कळेना, आणि एके दिवशी वडील आईला घेऊन गावी मालवणकडे निघून गेले. जाताना म्हणाले, तुझी नोकरी आहे, तू राहा. त्यात चुकीचं काही नव्हतं. पण रोज संध्याकाळी कुलूप काढताना आत कोणी नाही हे मला माहीत असायचं, आणि तरी मी दार उघडून क्षणभर थांबायचे. शेजारणी चांगल्या होत्या. त्यांना माझ्याकडून एकच गोष्ट हवी असायची. "काय गं, उद्या पाणी किती वाजता?" वाकोला माझ्या कार्यालयाकडे येत नाही हे मी शंभर वेळा सांगितलं असेल. त्यांना ते पटत नसे. मुद्दाम सांगत नाही, अशी माझी ख्याती झाली आणि मग बोलणंही कमी झालं.

दिवसभरात माझ्याशी माणसासारखं बोलणारा एकच माणूस होता, आमच्याकडचे चावीवाले काका. निवृत्तीला दोनएक वर्षं राहिली होती त्यांची. काळेसावळे, सुकलेले, गुडघ्यापर्यंत खाकी अर्धी चड्डी आणि हाताला कायम ग्रीसचा वास. त्यांचं घरदारही गावीच होतं, माझ्या गावापासून दोन खाड्या ओलांडून. इथे ते एका खोलीवर दहाबारा गाववाल्यांबरोबर राहायचे. मी कुठली हे कळलं त्या दिवसापासून चारचौघांत मी "मॅडम" आणि मागच्या भांडारात "गो बाय". मागे नवेजुने पाइप रचून ठेवलेले असत, त्यावर बसून आम्ही दुपारी डबा खायचो. त्यांच्या डब्यात सुकट, माझ्या डब्यात कुळथाची पिठी आणि भात. "जेवलंस काय?" हे विचारणारं मुंबईत मला दुसरं कोणी नव्हतं, आणि मी काय खाल्लं हे समोर दिसत असूनही ते रोज विचारायचे.

काका व्हॉल्व्ह आट्यांत मोजायचे. चावीचा एक पूर्ण फेरा म्हणजे एक आटा. कुठला व्हॉल्व्ह किती आट्यांत पुरा उघडतो, कुठला जुना असल्यामुळे उलट्या बाजूला फिरतो, कुठला तीन आट्यांनंतर अडतो आणि मग त्याला जरा मागे घेऊन पुन्हा पुढे न्यावं लागतं, हे सगळं त्यांना पाठ होतं. कुठल्याच कागदावर ते नव्हतं. मी एकदा लिहून घेते म्हटलं तर हसले. "लिहून काय करतंलंस? हातात चावी घेतल्याशिवाय ता समाजणां नाय." मला ते लागलं. चावी मला कोणी हातात घेऊ देत नव्हतं, यात माझा काय दोष?

मग ते वर्ष आलं. पावसाने पाठ फिरवली. सप्टेंबरात तलाव भरायला हवे होते ते भरले नाहीत आणि थंडी संपायच्या आत खात्याने कपात जाहीर केली. तलावावर पाण्याची पातळी बघायला एक माणूस असायचा. तो रोज सकाळी फोन करून आकडा सांगायचा आणि मी तो वहीत उतरवायचे. आकडा सांगून झाला की तो एक वाक्य जास्तीचं बोलायचा. आज काठावरचं जुनं देऊळ उघडं पडलं. आज मधला खडक दिसायला लागला. मी "बरं" म्हणायचे आणि फोन ठेवायचे. त्याला मी कधी पाहिलं नाही, पण तोही तिथे एकटाच असावा असं मला वाटायचं.

कपात जाहीर झाली आणि आमच्या कार्यालयात माणसांची रीघ लागली. कारखानेवाले आले, सोसायट्यांचे सेक्रेटरी आले, तबेलेवाले आले. म्हशी पाण्याशिवाय दूध देत नाहीत हे त्यांनी मला तीन वेगवेगळ्या प्रकारे समजावून सांगितलं. रुग्णालयाचं पाणी कापायचं नाही हे वरूनच ठरलेलं होतं. उरलं ते बाकीच्यांत वाटायचं. साहेबांच्या खोलीत बैठक झाली तेव्हा कोणीतरी सुचवलं की तलावाच्या तळाशी जे पाणी नेहमी राहू देतात, तेही उपसू या. खाली नुसता गाळ आहे, तो गाळून घेऊ.

मला राग आला. ते पाणी उपसलं तर मासे मरतील, सुसरी चिखलात अडकतील, तलाव सडेल आणि पुढच्या वर्षी भरला तरी ते पाणी पिण्यालायक राहणार नाही, असं मी म्हटलं. एक वरिष्ठ हसून म्हणाले, "मासे काय इथे तक्रार करायला येणार आहेत का?" मी म्हटलं, "येणार नाहीत, म्हणूनच तक्त्यात त्यांचा रकाना मी ठेवणार." बैठकीत मी एवढं मोठ्याने पहिल्यांदाच बोलले होते. साहेब माझ्या बाजूने उभे राहिले आणि तळाचं पाणी वाचलं. त्या रात्री मला अभिमानाने झोप लागली नाही, हे कबूल करायला हवं.

तक्ता करायला मला अकरा दिवस लागले. नियम एकच ठेवला. ज्याची जेवढी वेळ, तिचा तिसरा हिस्सा कमी. तीन तासांवाल्याचे दोन तास झाले, तासावाल्याची चाळीस मिनिटं. कोणाचा वशिला चालला नाही. कारखानेवाल्यांनी चिठ्ठ्या आणल्या, त्या मी फाइलला लावल्या आणि आकडे तसेच ठेवले. साहेब तक्ता बघून म्हणाले, असा स्वच्छ कागद या खात्यात मी पाहिला नाही. ते ऐकून मी घरी गेले आणि हे आता कोणाला सांगायचं, असा प्रश्न पडला. वडिलांना पत्र लिहिलं. दहा दिवसांनी उत्तर आलं. तब्येतीला जप, गावी विहीर खाली गेली आहे, आईचा गुडघा दुखतो. तक्त्याबद्दल एक अक्षर नव्हतं.

काकांना मात्र मी तो भांडारात नेऊन दाखवला. त्यांनी चष्मा लावला, हात चड्डीला पुसले आणि बराच वेळ बघत राहिले. मग एका ओळीवर बोट ठेवलं. टाकीच्या समोरच्या टेकडीवर एक वस्ती होती. पत्र्याच्या आणि विटांच्या खोल्या, अगदी माथ्यापर्यंत. टेकडीची उंची जवळजवळ टाकीएवढीच, आणि पाइपाचं ते शेवटचं टोक. तिला दुपारी साडेचार ते साडेपाच पाणी असायचं. माझ्या तक्त्यात ते साडेचार ते पाच वाजून दहा मिनिटं झालं होतं.

"ह्यां जमणां नाय," काका म्हणाले.

"का? सगळ्यांचं तेवढंच कमी केलंय."

"सगळे सपाटीर आसत गो. हंय पाणी चढूक लागता. आधी वारो भायर जाता, मगे पाणी. आता टाकीतच जोर नाय, तर अर्धो तास नुसतो वारोच येतलो."

मी म्हटलं, एकाला सूट दिली की सगळे मागतील. त्यांनी तक्ता माझ्या हातात परत दिला. चष्मा काढून खिशात ठेवला आणि डबा उघडला. मला वाटलं, पटलं.

महिनाभर सगळं सुरळीत होतं. मग टेकडीच्या पायथ्याच्या मोठ्या सोसायटीचे सेक्रेटरी यायला लागले. त्यांना दुपारी तीन ते पाच पाणी होतं. "मॅडम, चार वाजता आमचा पाणी एकदम बारीक होतो. कोण खातो आमचा पाणी?" मी तक्ता दाखवला. त्यांनी घड्याळ दाखवलं. असं चारपाच दिवस झाल्यावर ते म्हणाले, "तुम्ही कागद बघता, जरा रस्त्यावर येऊन बघा ना." टेबलावर बसते याचा टोमणा मला आधीच टोचायचा. मी पर्स उचलली आणि त्यांच्याबरोबर निघाले.

चार वाजता उन्हात आम्ही कोपऱ्यावर उभे होतो. काका आले. खांद्यावर चावी. त्यांनी सोसायटीच्या व्हॉल्व्हचं झाकण उचललं, चावी बसवली आणि सहा आटे बंद केले, दोन-दोन करत, मध्ये थांबत. मग चालत जाऊन टेकडीचा व्हॉल्व्ह उघडला. तक्त्यातल्या वेळेच्या बरोबर अर्धा तास आधी. मी पुढे झाले. मला वाटलं ते गडबडतील, काहीतरी कारण देतील. त्यांनी कपाळावरचा घाम पुसला आणि माझ्याकडे पाहिलं.

"काका, साडेचारची वेळ आहे."

"म्हायत आसा."

"मग हे काय चाललंय? तक्ता मी केलाय."

ते चावीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, "तुझ्या कागदार डोंगर खंय आसा गो, बाय?"

आणि माझ्यामागे सेक्रेटरी हसले. त्यांना मालवणी कळली की नाही कोण जाणे, पण एक खाकी चड्डीतला माणूस साहेबीणबाईंना "गो" म्हणतो एवढं त्यांना नक्की कळलं. त्या हसण्याने माझ्या कानशिलात आग लागली. आज इतक्या वर्षांनी मी ठामपणे सांगू शकते की मेमो मी न्यायासाठी लिहिला नाही. मी तो त्या हसण्यासाठी लिहिला. त्याच संध्याकाळी, टेबलावर बसून, स्वच्छ अक्षरात. ठरलेल्या वेळेत परस्पर बदल, एका भागाचं पाणी दुसऱ्या भागाला, वरिष्ठांच्या आदेशाची अवहेलना. खाली सही.

मला वाटलं होतं, साहेब बोलावून समज देतील. पण कपातीच्या दिवसांत पाणी इकडचं तिकडे केलं हा आरोप फार मोठा होता. फाइल वर गेली आणि आठवड्यात काकांची बदली झाली, थेट बोरिवलीच्या बाजूला एका भांडारात, पाइपांची राखण करायला. शेवटच्या दिवशी ते चावी जमा करायला आले. चावी भिंतीला टेकवून ठेवली, रजिस्टरवर सही केली आणि गेले. मी मान खाली घालून काहीतरी लिहीत होते. काय लिहीत होते ते आठवत नाही, बहुधा काहीच नाही.

त्यांच्या जागी आलेला माणूस तरुण आणि तत्पर होता. घड्याळ बघून चावी फिरवायचा, डायरी बिनचूक भरायचा. सोसायटीचे सेक्रेटरी एकदा पेढे घेऊन आले. टेकडीचं काय झालं हे मी तक्रारवहीत बघितलं. एकही तक्रार नव्हती. पुन्हा महिन्याने बघितली. कारखान्यांच्या तक्रारी होत्या, तबेल्यांच्या होत्या, टेकडीची एकही नाही. मी स्वतःला सांगितलं, बघ, काका उगाच वाढवून सांगत होते. दुपारी मी आता टेबलावरच डबा खात होते. भांडारात एकदा गेले होते, पण तिथे बसवलं नाही.

मे महिन्यात एक बाई आली. चाळिशीची, पदर खोचलेला, हातात पिशवी. दारातच उभी राहिली. इथे येणारे लोक थेट टेबलापर्यंत येतात आणि आवाज चढवतात. ही आत येऊ का असं विचारत होती.

"बाई, ते चावीवाले काका इकडेच असतात ना?"

"होते. बदली झाली त्यांची."

तिने सुटकेचा श्वास टाकला. "बदली होय! आम्हाला वाटलं, वारले. टेकडीवरच्या सगळ्या बायका म्हणाल्या, जाऊन बघून ये. वारले असते तर कळायला तरी हवं ना."

"असं का वाटलं तुम्हाला?"

"पाणीच गेलं ना हो. काका गेले त्या दिवसापासून. ते असते तर असं झालंच नसतं."

मी विचारलं, मग इतके दिवस तक्रार का केली नाही? तिने माझ्याकडे खरोखरच्या आश्चर्याने पाहिलं. "कोणाकडे करायची? आम्ही काकांनाच सांगायचो. काका, आज वरच्या नळाला आलं नाही. की दुसऱ्या दिवशी यायचं. हे ऑफिस आहे तेच माहीत नव्हतं. विचारत विचारत आले."

ती गेल्यावर मी तक्ता पुन्हा उघडला. बैठकीत माशांसाठी मी भांडले होते, कारण ते तक्रार करायला येऊ शकत नाहीत. त्याच कागदावर, चार बोटं वर, तक्रार करायला न येणाऱ्या माणसांची ओळ होती आणि त्यांचं गप्प असणं मी समाधान म्हणून वहीत मोजत होते. मला स्वतःची लाज वाटली. साधी, सरळ लाज.

दुसऱ्या दिवशी चार वाजता मी टेकडी चढले. वर जायला रस्ता नव्हता, दगड रचून केलेल्या पायऱ्या होत्या. माथ्यावरच्या नळापाशी हंडे, कळश्या, डालड्याचे डबे, रॉकेलचे कापून केलेले डबे यांची रांग होती आणि बायका सावली बघून बसल्या होत्या. खाली सोसायटीच्या गच्चीवरची टाकी दिसत होती. साडेचारला नळातून फुसफुस सुरू झाली. कोणी उठलंसुद्धा नाही. पाच वाजेपर्यंत नुसती हवा येत होती, कधी जोरात, कधी नुसतीच हलकी. पाचला पाणी आलं, बोटाएवढं. पहिले सात हंडे भरले, आठवा अर्धा, आणि घड्याळात पाच वाजून दहा मिनिटं होताच धार बारीक होत थांबली. खाली त्या तत्पर माणसाने अगदी वेळेवर चावी फिरवली होती. रांगेतल्या बाकीच्या बायकांनी रिकामी भांडी उचलली. भांडण नाही, आरडाओरडा नाही. त्या आता खाली सपाटीवर जाणार होत्या आणि कोणाच्या तरी दारात उभ्या राहून मागणार होत्या. माझी चूक किती साधी होती हे मला तिथे कळलं. पाण्याची वेळ मी चावी फिरल्यापासून मोजली होती. ती नळाला पाणी आल्यापासून मोजायला हवी होती.

तक्ता बदलायचा तर नेमके आकडे हवे होते, आणि ते एकाच माणसाला माहीत होते. शनिवारी अर्धा दिवस झाल्यावर दोन बस बदलून मी बोरिवलीला गेले. काका भांडाराच्या फाटकाशी स्टुलावर बसले होते. पायात चपला, हात स्वच्छ. मला बघून ते उभे राहिले. उभे राहिलेलं मला आवडलं नाही.

मी म्हटलं, "काका, टेकडीवर जाऊन आले. चुकलं माझं."

"तुमचं काही चुकलं नाही, मॅडम. कागद बरोबरच होता."

रोज दुपारी पाइपांवर बसून "गो बाय" म्हणणाऱ्या माणसाने मला पुस्तकी मराठीत उत्तर दिलं. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मी आनंदाने घेतल्या असत्या. मी वही काढली आणि विचारायला लागले. त्यांनी सगळं सांगितलं. काही राखून ठेवलं नाही. खालच्या सोसायटीचा व्हॉल्व्ह सहा आटे बंद करायचा, दोन-दोन करून, एकदम केला तर पाइपाला धक्का बसतो. टेकडीचा व्हॉल्व्ह आधी फक्त तीन आटे उघडायचा, हवा निघू द्यायची, मग पुरा. पाइपाच्या शेवटाला हवा सोडायची टोपी आहे, ती गंजते, दर पंधरवड्याला उघडून बघायला सांगायचं. मी लिहीत होते आणि ते माझ्या पेनाकडे बघत थांबत थांबत सांगत होते, मला लिहिता यावं म्हणून. शेवटी म्हणाले, "माथ्यावरच्या नळाशी एक म्हातारी असते, तिला चालवत नाही. तिचा हंडा आधी लावायला सांगा." मी तेही लिहिलं.

निघताना मी म्हटलं, तुम्हाला परत आणायचा प्रयत्न करते. ते म्हणाले, राहू द्या, आता थोडेच दिवस राहिले. मी खरंच प्रयत्न केला. साहेब म्हणाले, लिहिलेलं तुम्ही, आता पुसायचं कसं? तेही खरंच होतं. काका त्याच भांडारातून निवृत्त झाले आणि गावी गेले, ते मला नंतर दुसऱ्याच कोणाकडून कळलं. परतीच्या बसमध्ये मला रडू आलं. शेजारच्या बाईने काय झालं विचारलं, मी म्हटलं डोळ्यात धूळ गेली.

नव्या तक्त्यावर साहेबांशी माझे चार दिवस वाद झाले. टेकडीला अर्धा तास आधी सोडलं की सोसायटी ओरडणार, ते म्हणाले. मी म्हटलं, ओरडू देत, ऐकायला मी बसले आहे. शेवटी त्यांनी सही केली. तक्त्याच्या खाली मी एक ओळ जादा लिहिली होती, चढावरच्या भागांची वेळ शेवटच्या नळाला पाणी आल्यापासून धरावी. सोसायटीचे सेक्रेटरी भांडून गेले आणि मग रस्त्यात दिसले तरी ओळख दाखवेनासे झाले. कार्यालयात कोणीतरी म्हणालं, बाई टेकडीवाल्यांना फितल्या. त्या आठवड्यात कामाखेरीज माझ्याशी कोणी बोललं नाही.

तक्ता लागू झाला त्या दिवशी मी पुन्हा टेकडीवर गेले. तरुण चावीवाल्याला मी आटे मोजून दाखवले होते, तरी मनात धाकधूक होती. बायका तशाच सावलीला बसलेल्या. चारला हवा सुरू झाली. मी घड्याळ बघत उभी होते. साडेचारला एक मिनिट कमी असताना पाणी आलं, आधी लाल, मग स्वच्छ, मग मनगटाएवढं. बायका धावल्या. भांड्यांचे आवाज, एकमेकींना हाका. कार्यालयात आलेली ती बाई म्हातारीचा हंडा नळाखाली सरकवत होती. तिने मला पाहिलं आणि तिचा चेहरा फुलला.

"बाई! काका परत आले ना?"

आजूबाजूच्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. एक म्हणाली, "मी काल म्हटलंच होतं, त्यांच्या हाताशिवाय इथे पाणी चढायचं नाही."

मी नळाकडे बघितलं. हंडा भरून वाहत होता.

"हो," मी म्हटलं. "आले."

"मग त्यांना सांगा, वर या म्हणावं एकदा. चहा घेऊन जा म्हणावं. नुसतं खालच्या खाली पाणी सोडून जातात."

"सांगते," मी म्हटलं, आणि पाच वाजून दहा मिनिटं होईपर्यंत तिथेच उभी राहिले.